पाटी उचलली, पाय बरा

रेवदंडा
शुक्रवार, २ जानेवारी २०२६

प्रणाली,

कमलेशच्या टेम्पोतून केसरआत्याकडे सुक्या बोंबलाच्या तीन गोण्या येतायत. लाल सुतळी बांधलेल्या गोणीत वरच हे पत्र ठेवलंय. कागदाला वास लागेल. लागू दे, आपण दोघी त्याच वासात वाढलोय. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हे बोंबलाचं टपाल. आत्याच्या फोनवरून तुझ्याशी बोलावं, तर ती फोन कानाला लावून एवढ्या मोठ्याने बोलते की माणगावच्या अख्ख्या बाजाराला आपलं भांडण कळेल.

तू जाऊन महिना झाला. काकी रोज विचारते, प्रणालीचा काही निरोप? तिला वाटतं आपलं मिटलंय. मी म्हणते, बरी आहे, जेवते-खाते, आत्याच्या दुकानावर बसते, तिथल्या मुलींबरोबर सराव करते. एवढं सगळं मी आत्याकडून काढून घेते आणि तुझ्या आईला माझं म्हणून सांगते.

तुला थोबाडीत मारली, ती मंडळाच्या सगळ्या मुलींसमोर मारायला नको होती. घरी नेऊन मारायला हवी होती. माफी एवढीच.

अठरा तारखेला, रविवारी, अलिबागला बँकेच्या महिला कबड्डी संघाची निवड आहे आणि तू उतरणार आहेस, हे मला आपल्या कोचने, निकेतदादाने सांगितलं. हातावर पेढा ठेवून सांगितलं. म्हणाला, आपल्या मंडळातून बँकेची नोकरी घेणारी ही पहिली पोरगी असणार. हेच वाक्य तो सात वर्षांपूर्वी माझ्याबद्दल म्हणायचा. शब्दही बदलले नाहीत त्याने, फक्त नाव बदललं. पेढा मी खाल्ला. खवा चांगला होता.

आता मुद्द्याचं. अठराला तू उतरू नकोस.

मैदान कडक असणार, पुण्याकडच्या मुली अंगाने दांडग्या असतात, बँका दर वर्षी निवडी घेतात, तू बावीस वर्षांची आहेस, घाई कसली. यातलं जे पटेल ते कारण धर. हे वाचून तू हसशील आणि आत्याला म्हणशील, ताईच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. ते मी कधी लपवलं होतं? पण तरी उतरू नकोस.

सुचिता

ता.क. वरच्या दोन जुड्या तुझ्यासाठी आहेत. विकायच्या नाहीत, आत्याला सांग.


रेवदंडा
शुक्रवार, ९ जानेवारी

प्रणाली,

मंगळवारचा टेम्पो आला आणि तुझं उत्तर नाही. आत्या म्हणते पत्र तिने तुझ्या हातात दिलं. ठीक आहे. तू बोलणार नाहीस तर मीच बोलते. माझं जळणं तुम्हा सगळ्यांना दिसतं, पण ते कुठून पेटलं ते कुणी विचारलं नाही. आज वारा चांगला आहे, बोंबील वलांडीवर वाळत टाकून झालेत, आईला डुलकी लागलीय. लिहून टाकते.

माझा उजवा गुडघा गेला तेव्हा तू पंधरा-सोळा वर्षांची होतीस, मैदानाच्या दोरीबाहेर बसून माझी पाण्याची बाटली सांभाळायचीस. पेणचा सामना. चढाईवर होते, दोघींना हुकवून परत फिरले, पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग वळलं. टक् असा आवाज झाला. कुणी पकडलं नव्हतं, कुणी पाडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एक्स-रे काढला, हाड शाबूत. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. एक्स-रेत हाड दिसतं, हाडाला हाड बांधणारा दोर दिसत नाही, हे आपल्याला कोण सांगणार होतं? मग भागोजीबाबाकडे नेलं. एकवीस दिवस तेल, लेप आणि घट्ट पट्टी. त्याचं चुकलं म्हणत नाही मी, मोडलेली हाडं तो आजही उत्तम बसवतो. सूज उतरली, दुखणं गेलं.

आणि मग आपल्या मंडळाची ती रीत. दुखण्यातून उठलेल्या खेळाडूने बंदरावरून मासळीने भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची आणि लिलावाच्या शेडपर्यंत न थांबता चालत जायचं. पाय डगमगला नाही की निकेतदादा नारळ फोडणार आणि म्हणणार, पाटी उचलली, पाय बरा. मी उचलली. अजिबात डगमगले नाही. त्यानंतरच्या पहिल्याच चढाईत परत फिरताना गुडघा जागेवरून सरकला आणि पुन्हा बसला. तीन सामन्यांत तीनदा. मी वळायला घाबरू लागले, आणि लोक म्हणू लागले, हिचं मन कच्चं झालं. पाटी तर उचलली होती ना, मग पायात काय असणार?

गेल्या मे महिन्यात सरावाला तुझा गुडघा गेला, तेव्हा तो आवाज मैदानात फक्त मी ओळखला. निकेतदादा तुला बाइकवर मागे बसवून भागोजीबाबाकडे निघाला होता. बाइकची चावी कुणी काढून घेतली? मी. पनवेलला न्या, एमआरआय काढा, म्हणून ओरडणारी कोण होती? तुझ्या बाबांना, विठोबाकाकांना, ऑपरेशनच्या सरकारी योजनेच्या कागदांसाठी तलाठ्याकडे दोनदा घेऊन जाणारी कोण? तू म्हणशील, ताई उपकार मोजते. मोजते. तू पण मोज.

बारा जूनला ऑपरेशन झालं. तुझ्याच मांडीच्या मागची शीर काढून गुडघ्यात नवा दोर ओवला, वर-खाली स्क्रूने पक्का केला, दोन हाडांमधली फाटलेली गादीही शिवली. मी बाहेर बाकावर बसून तुझी चप्पल सांभाळत होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छान झालंय. मला रडू आलं. काकीला वाटलं आनंदाने रडतेय. तुला म्हणून सांगते, त्यात आनंद अर्धाच होता. उरलेल्या अर्ध्यात एकच गोष्ट होती, माझं का नाही झालं?

मग तुझं कौतुक सुरू झालं. कोण सफरचंद आणतंय, कोण पापलेट. मंडळाच्या मुली पाळीपाळीने तुझी टाच धरून व्यायाम करून घ्यायच्या. पाय सरळ ठेवून वर उचललास तरी टाळ्या. मला तुझ्या पट्ट्याचा हेवा वाटला. खोटं वाटेल, पण तुझ्या कुबड्यांचाही वाटला. मला कुबड्या मिळाल्या असत्या तर निदान लोकांना दिसलं तरी असतं की हिला काहीतरी झालंय.

आणि एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ऑगस्टमध्ये तपासणीला गेलो होतो, तू आतल्या खोलीत सायकल मारत होतीस. मी खुर्चीतून उठून स्टुलाला वळसा घातला आणि गुडघा सटकला. डॉक्टरांनी पाहिलं. मला बिछान्यावर झोपवलं, गुडघा दुमडला, पोटरी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. ती पुढे आली, प्रणाली. माझी मला दिसली. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं झाली? मी म्हटलं, सहा. ते म्हणाले, हा पूर्ण तुटलेला आहे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मन कच्चं नव्हतं माझं. दोर नव्हता. सहा वर्षांनी एका माणसाने एका मिनिटात सांगितलं, आणि तेवढ्यात तू घाम पुसत बाहेर आलीस, तर ते तुझ्याकडे वळून म्हणाले, वा, आज किती मिनिटं? परतीच्या एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. वडखळपर्यंत मी तुझ्या गुडघ्याकडे बघत होते.

हे वाचून माझी कीव करू नकोस. कीव केलीस तर पुढचा टेम्पो रिकामा येईल.

अठराला उतरू नकोस. कारण पुढच्या पत्रात लिहिते. आज हात धजत नाही.

सुचिता


रेवदंडा
मंगळवार, १३ जानेवारी

प्रणाली,

उद्या संक्रांत. तिळगुळाची पुडी गोणीत आहे. गोड बोल असं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही, ते का, हेच या पत्रात आहे. उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

सोमवार, एक डिसेंबर. दुपारी मी वलांडीखाली होते आणि डॉक्टरांचा फोन आला. हॉस्पिटलच्या फायलीवर माझा नंबर आहे, कारण मे महिन्यात तुझा फोन होडीतून खाडीत पडला होता. चार दिवसांपूर्वी तू एमआरआय काढून आली होतीस आणि डॉक्टर त्या दिवशी भेटले नव्हते. सुरुवातीला ते आठ-नऊ महिने म्हणाले होते, फोटो चांगला आला तर लवकर मोकळी करू, असंही म्हणाले होते. तुम्ही सगळे त्या लवकरवर डोळे लावून बसला होतात.

फोटो चांगला आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दोर तुटलेला नाही, पण अजून हाडात नीट रुजलेला नाही, गादीची शिवणही कच्ची दिसते. मला कळावं म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आंब्याची कलमं असतात ना? कलमाला पालवी फुटली म्हणजे सांधा धरला असं नसतं. पोरीला आता वाटेल पाय झकास आहे, दुखत नाही, सूज नाही, आणि नेमका हाच धोक्याचा काळ. दहा महिने पुरे होईपर्यंत पळणं, उडी, वळणं, खेळ, सगळं बंद. बारा एप्रिलनंतर पुन्हा तपासू. मधेच तुटला तर दुसऱ्या मांडीची शीर काढावी लागेल, आणि त्यानंतर कबड्डीचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, हो सर. त्यांनी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि सांगितलं, तिला आजच सांगा.

मी तेच सांगायला निघाले होते. देवाशप्पथ, तेच सांगायला. घरी तू नव्हतीस. काकी म्हणाली, बंदरावर गेल्यात सगळ्या, आज प्रणालीची पाटी आहे.

मी पोचले तेव्हा तू शेडच्या जवळ आली होतीस. डोक्यावर पाटी, मान ताठ, पावलं अशी पडत होती की बघणाऱ्याची नजर हलू नये. मी त्याच रस्त्याने तशीच चालले होते. आणि मला तेव्हा कळलं की ही परीक्षाच खोटी आहे. बंदर ते शेड सरळ रस्ता. सरळ चालायला तो दोर लागतच नाही. माझ्या गुडघ्यात दोर नसून मी आजही दोन पाट्या नेते. दोर लागतो तो वळायला, अंगावर आलेलीला हुकवून पाय रोवून फिरायला. आपल्या मंडळाने इतकी वर्षं पाट्या उचलायला लावून पोरींना मैदानात धाडलं.

निकेतदादाने नारळ फोडला. मुलींनी तुला उचललं. आणि तू पाणी पिता पिता सगळ्यांना म्हणालीस, "सुचिताताईनी पन पाटी उचललेली. पाय बराच होता तिचा. मन कच्चा होता."

तू हसत म्हणालीस. कुणाला दुखवायला नाही, मला ठाऊक आहे. तुला माझ्या गुडघ्याचं काहीच माहीत नव्हतं, आणि ते मीच तुला सांगितलं नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या रस्त्यावर माझं वाटोळं झालं तिथे उभी राहून, माझ्यामुळे शिवलेल्या गुडघ्यावर उभी राहून तू हे बोललीस.

निकेतदादा माझ्याकडे वळला. म्हणाला, "सुचिता, दाक्तरचा फोन-बिन काय आलेला काय गो?"

मी म्हटलं, "न्हाय."

एवढंच. एक शब्द. घे, सांगून टाकलं. तो म्हणाला, फोन नाही म्हणजे सगळं ठीक असणार, आणि तू धावत येऊन माझ्या गळ्यात पडलीस. ताई, आता तुझी जागा मी चालवणार, म्हणालीस. तेव्हा मी तुझ्या थोबाडीत मारली. तुम्हाला वाटलं मन कच्चं म्हटल्याचा राग. तो होताच. पण तू गळ्यात पडलीस आणि मला माझ्याच अंगाची शिसारी आली, आणि हात उठला तो तुझ्यावर. दुसऱ्या दिवशी तू माणगाव गाठलंस.

त्यानंतर महिनाभर रोज सकाळी मी ठरवायचे, आज आत्याला फोन करू. आणि रोज कुणीतरी तुझं नाव घ्यायचं. प्रणाली अशी पळते, प्रणाली तशी वळते, निकेतदादाने व्हिडिओ दाखवला बघ. मी व्हिडिओ बघायचे आणि फोन राहून जायचा. वाटायचं, हिला एकदा कळू दे. तुटू दे असं मी मनात कधी म्हटलं नाही. पण हिला कळू दे म्हणजे दुसरं काय असतं?

रिपोर्टची छापील प्रत याच पाकिटात आहे. खाली मराठीत मी लिहिलंय. मला माफ करू नकोस, त्याची गरज नाही. फक्त रविवारी मैदानात उतरू नकोस, आणि सराव आजपासून बंद कर.

सुचिता


रेवदंडा
शुक्रवार, १६ जानेवारी

प्रणाली,

काल आत्याला फोन केला. म्हणाली, "ती तुजी पत्रां उशीखाली ठेवते गो. फोडत न्हाय येक पन." म्हणजे ज्या पत्रासाठी मला महिनाभर धीर गोळा करावा लागला, ते तू उशीखाली घालून झोपतेस. तुझी हट्टाची जात आमचीच आहे म्हणा.

मग आत्यालाच सगळं सांगितलं. डॉक्टर, रिपोर्ट, माझं खोटं, सगळं. तिने तिथल्या तिथे तुला ओरडून सांगितलं आणि तुझं उत्तर मला फोनमधून ऐकू आलं. "सात वरसां जळली, आजून दोन दिस जळू दे तिला."

निकेतदादाकडे गेले. त्याने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. ते खरं धरू की हे? मी म्हटलं, हे. तो म्हणाला, निवड दोन दिवसांवर आली तेव्हा तुला हे आठवलं होय? पोरीने माझ्यासमोर पाटी उचललीय. मी रिपोर्टची घडी घातली आणि निघाले. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरंही कोणी विकत घेत नाही. हॉस्पिटलला फोन लावला, तर डॉक्टर सोमवारी येणार, परगावी गेलेत. काकीला आणि काकांना सांगितलं. काकी म्हणाली, तू पण माझी मुलगीच आहेस ना गो, मग असं का? म्हणजे तिनेही रिपोर्ट सोडून मलाच वाचलं.

तेव्हा रविवारी मी स्वतः अलिबागला येते. तुझ्याशी भांडायला नाही, तू ऐकणार नाहीसच. ज्यांच्या हातात यादी आहे त्यांच्याकडे जाणार. लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, तू सांगायची गरज नाही.

हे पत्र फोडलंस तर शनिवारीच मागे फिर. माझ्यावर ती वेळ आणू नकोस.

सुचिता


रेवदंडा
मंगळवार, २० जानेवारी

प्रणाली,

परवा काय झालं ते तुझ्यासमोरच झालं, पण तू मैदानाच्या त्या बाजूला होतीस. या बाजूचं मी सांगते.

साडेआठला पोचले. तू मुलींमध्ये उभी राहून पाय मोकळे करत होतीस. पाठमोरी. डाव्या पायावर उडी, उजव्या पायावर उडी, आणि मग जागच्या जागी गिरकी. त्या गिरकीला मी तुझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी मनात आलं की काय सुंदर वळते ही. मी इतकी छान कधीच वळत नव्हते, दोर होता तेव्हाही नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणायचे, प्रणाली म्हणजे दुसरी सुचिता. मला ते ऐकायला आवडायचं, कारण ते खरं नव्हतं. तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. पहिल्यापासून होतीस.

टेबलाशी बँकेच्या प्रशिक्षक मॅडम बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी संघाचा फिजिओ. मी रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, तुमच्या यादीत तिसरं नाव आहे, तिचं सात महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय, आणि डॉक्टरांनी एप्रिलपर्यंत खेळायला मनाई केलीय. मॅडमनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, चुलत बहीण. त्या म्हणाल्या, मग तिने स्वतः का नाही सांगितलं? मी म्हटलं, तिला माहीत नव्हतं, मी लपवलं. फिजिओने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तुला हाक मारली.

बाकावर झोपवून त्याने तुझी पोटरी पुढे ओढली, ते तू वर बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. मला दिसलं. माझ्यासारखी नाही आली, पण यायला नको होती तेवढी आली. तो म्हणाला, किंचित सैल लागतोय, आज उतरली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. मॅडमनी नावावर रेघ मारली आणि तुला सांगितलं, एप्रिलनंतर डॉक्टरांचा कागद घेऊन मला फोन कर. हे त्या खरंच म्हणाल्या. तू ऐकलंस की नाही ठाऊक नाही, तू माझ्याकडे बघत होतीस.

निकेतदादा सगळ्या मंडळासमोर म्हणाला, "शेवटी जळून दाखवलंस ना गो?" मी गप्प बसले. तुम्हाला वाटलं कबुली दिली. दिलीच.

आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून शेवटचं तेही लिहिते. मॅडमनी रेघ मारली तेव्हा मला बरं वाटलं. तुझा गुडघा वाचला म्हणून किती, आणि तुलाही ती नोकरी मिळाली नाही म्हणून किती, हे मी दोन दिवस वेगळं काढायचा प्रयत्न करतेय. बोंबील आणि कोलंबी एकाच जाळ्यात आली तर निवडून वेगळी करता येतात, हे येत नाही. गावात म्हणतात, सुचिताने पोरीच्या तोंडचा घास काढला. मी भांडायला गेले नाही. मी केलं ते बरोबर होतं, आणि जळणारी बाई नेमकं हेच करते. दोन्ही खरं आहे.

तुझ्या जागी रोह्याची मुलगी घेतली. मी थांबून तिची चढाई पाहिली. तुझ्या निम्मीसुद्धा नाही. तिचाही हेवा वाटला मला, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा. उन्हात उभी राहून मी पहिल्यांदा तुझ्या बाजूने जळले.

काल डॉक्टरांना फोन केला. एक डिसेंबरला तुम्ही सांगितलेलं मी तिला सांगितलं नव्हतं, असं त्यांना सरळ सांगितलं. ते म्हणाले, तिला गुरुवारी घेऊन या, आणि यापुढे फायलीवर तिचाच नंबर लिहा. बरोबर आहे त्यांचं. काका तुला न्यायला येतील, मी येणार नाही.

आज सकाळी आत्याचा फोन आला. म्हणाली, सोमवारी दिवसभर तू दुकानावर बसली नाहीस, चारही पत्रं एका बैठकीला वाचलीस, एक पत्र दोनदा वाचलंस. कुठलं ते तिला कळलं नाही, तिला वाचता येत नाही. मग बाहेर येऊन निरोप दिलास, आणि आत्याने तो जसाच्या तसा माझ्या कानात ओतला. "तिला सांग, मी येतंय. तिचा थोबाड फोडल्याबिगर ऱ्हानार न्हाय."

ये. मी दारातच बसलेली असेन. चालत ये, प्रणाली. बारा एप्रिलपर्यंत पळत येऊ नकोस.

सुचिता